चार इंचांचा त्रिकोण

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

मॅगझिनसाठी चरित्र लिहायचं म्हटलं की आपल्याकडे दरवर्षी ठरलेली नावं येतात. विश्वेश्वरय्या, रामानुजन, एडिसन, कलाम सर. सगळे थोरच आहेत, वादच नाही. पण यावर्षी मी जरा वेगळं नाव घेऊन आलोय. डॉ. विल्यम गिब्सन आर्लिंग्टन बॉनविल. आपल्या होस्टेलवर कुणालाही विचारा, नाव ऐकलेलं नसणार. मात्र डेंटलला शिकणारा एखादा मित्र असेल तर त्याला फोन लावा. बॉनविलचा त्रिकोण म्हटल्यावर तो झोपेतसुद्धा उत्तर देईल, कारण परीक्षेत हमखास विचारतात!

सुरुवातीलाच एक कबुली. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी बोलायला फर्राटेदार पण लिहायला घाम फुटतो. ऱ्हस्व-दीर्घ मॅडमनी सुधारून दिलंय. तरी कुठे इंग्रजी शब्द घुसला असेल तर सांभाळून घ्या.

आता तुम्ही म्हणाल, मेकॅनिकलच्या पोराला दाताच्या डॉक्टरशी काय देणंघेणं? तर त्याचं कारण आमचे आबा.

आबांची कवळी

आबा म्हणजे माझे आजोबा. केज तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. वय ऐंशीच्या पुढे, पण अजून शेतावर चक्कर मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचे उरलेसुरले दात काढले आणि कवळी बसवली. कुठे बसवली ते नाव घेत नाही. कवळी दिसायला झकास होती, आबा फोटोत एकदम तरुण दिसायला लागले. पण भाकरीचा तुकडा समोरच्या दातांनी तोडायला गेले की कवळी मागून उचकायची. एका बाजूने चावलं की दुसरी बाजू वर यायची. दोन-चार वेळा हिरड्या सोलवटून निघाल्या. मग काय, जेवायची वेळ झाली की आबा कवळी काढून रुमालात गुंडाळून बंडीच्या खिशात ठेवायचे आणि भाकरी दुधात कुस्करून खायचे. कवळी फक्त लग्नात आणि फोटोत!

हसू येतं, पण घरातलं वातावरण हळूहळू बदललं. ज्या माणसाने आयुष्यभर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, तो पंगतीला बसायचंच टाळायला लागला. हुरड्याच्या दिवसांत पाहुणे आले तर आबा विहिरीकडे निघून जायचे. त्यांचं वजन उतरलं. आम्हाला वाटलं वय झालं.

आबांना मात्र दुखणं बरोबर कळलं होतं. आमच्या ओसरीच्या कोपऱ्यात आजीचं जुनं जातं पडलंय. ते दाखवून आबा मला म्हणाले की दगड चांगले आहेत, टाकीही नीट लावलीय, पण मधला खिळाच हलला तर वरची तळी डोलणार आणि पीठ जाडंभरडंच पडणार. कवळीचे दात चांगलेच आहेत, खिळा चुकलाय. थिअरी ऑफ मशीन्सचा पेपर मी दोनदा दिलाय, पण एवढी स्वच्छ व्याख्या मला कुठल्या पुस्तकात सापडली नव्हती.

मागच्या दिवाळीत आबांना घेऊन आम्ही एका डेंटल कॉलेजात गेलो. तिथल्या मॅडमनी आबांच्या डोक्याला धनुष्यासारखी एक लोखंडी पट्टी लावली, तिची दोन टोकं कानांपाशी टेकवली आणि जबड्याचं माप घेतलं. मग ते माप एका छोट्या यंत्रावर चढवलं. त्यात खालचा-वरचा जबडा, मागे दोन सांधे, पुढे एक दांडा, बाजूला अंशांच्या खुणा. मी तर बघतच राहिलो. ही सरळ सरळ मेकॅनिझम होती! याला आर्टिक्युलेटर म्हणतात. हे कुणी शोधलं असं विचारलं तेव्हा मॅडमनी बॉनविल हे नाव सांगितलं. तेव्हापासून मी या माणसाच्या मागे लागलो.

बिजागरी की ड्रॉवर?

चरित्राकडे वळण्याआधी एक छोटंसं प्रॅक्टिकल. हे वाचता वाचता करा, रूममेट हसला तर हसू द्या. दोन्ही कानांच्या जरा पुढे, गालावर बोटं ठेवा. आता हळूहळू तोंड उघडा. सुरुवातीला आतला हाडाचा गोळा जागच्या जागी फिरल्यासारखा वाटेल. आणखी मोठं तोंड उघडा. आता तो गोळा बोटाखालून पुढे आणि खाली सरकताना जाणवेल. बंद केलं की परत मागे जाईल.

म्हणजे आपला जबडा नुसता दाराच्या बिजागरीसारखा नाही. तो आधी बिजागरीसारखा फिरतो आणि नंतर ड्रॉवरसारखा सरकतो. तेही सपाट नाही, कवटीच्या हाडाचा एक उतार आहे त्यावरून. शिवाय असे सांधे दोन आहेत आणि ते एकाच हाडाने जोडलेले आहेत, त्यामुळे एक हलला आणि दुसरा हलला नाही असं कधी होत नाही. डाव्या बाजूने चावताना उजवा गोळा पुढे, खाली आणि आत येतो, डावा जवळपास जागेवर फिरतो. दिवसभर आपण हे यंत्र चालवतो, मेसमधल्या पोळ्यांवर तर जरा जास्तच, पण त्याचा कधी विचार करत नाही.

कवळी करणाऱ्याची अडचण इथेच आहे. तो दात बसवतो टेबलावर, जबडा असतो पेशंटच्या तोंडात. टेबलावरचं यंत्र जबड्यासारखं हललं नाही, तर तिथे छान जुळलेले दात तोंडात गेल्यावर भांडायला लागतात. जबड्याची हालचाल टेबलावर कशी आणायची, हाच बॉनविल यांच्या आयुष्याचा प्रश्न होता.

डोव्हर गावचा तरुण डॉक्टर

बॉनविल यांचा जन्म १८३३ साली अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात, कॅमडेन या लहानशा गावी झाला. डेलावेअर म्हणजे अमेरिकेतलं अगदी छोटं राज्य, आकाराने आपल्या बीड जिल्ह्याहूनही लहान. त्या काळी दाताचा डॉक्टर व्हायला कॉलेजची पायरी चढावीच लागे असं नव्हतं. जगातलं पहिलं डेंटल कॉलेज १८४० मध्ये बाल्टिमोरला निघालं होतं खरं, पण बहुतेक जण एखाद्या जाणत्या डॉक्टरच्या हाताखाली काम शिकत आणि पाटी लावत. बॉनविल यांनी १८५४ मध्ये डोव्हर या गावी दवाखाना सुरू केला. वय अवघं एकवीस. म्हणजे माझ्याहून फक्त एका वर्षाने मोठे!

काळ मोठा गमतीचा होता. १८४६ मध्ये बॉस्टनला मॉर्टन नावाच्या दाताच्या डॉक्टरनेच इथर देऊन शस्त्रक्रियेत दुखणं बंद करून दाखवलं होतं. त्यामुळे लोक किडलेले दात काढून घ्यायला कमी घाबरू लागले. त्याच सुमारास गुडइयर बंधूंच्या प्रयोगांतून गंधक घालून कडक केलेलं रबर आलं आणि १८५० च्या दशकात त्याच्या कवळ्या बनू लागल्या. त्याआधी कवळी सोन्याच्या पत्र्यावर नाहीतर हस्तिदंतासारख्या महागड्या गोष्टींवर करत, म्हणजे ती श्रीमंतांचीच. रबरामुळे ती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. दात काढणारे वाढले आणि कवळी लावणारेही वाढले. पण कवळीने चावता येतं का, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नव्हतं. दात दिसले म्हणजे झालं. आबांच्या पहिल्या कवळीसारखंच!

दात जुळवायला साधन होतं, नाही असं नाही. पण बहुतेक ठिकाणी ते म्हणजे खालच्या आणि वरच्या साच्याला जोडणारी साधी बिजागरी. ती उघडायची आणि मिटायची, बस्स. पुढे सरकणं नाही, बाजूला जाणं नाही. आणि ती बिजागरी दातांपासून किती लांब असावी याचाही काही हिशोब नव्हता. आता आपण कंपासने वर्तुळ काढतो तेव्हा टोक आणि पेन्सिल यांतलं अंतर बदललं की कमान बदलते, हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं. जबड्याचंही तेच. सांध्यापासून दातापर्यंतचं अंतर म्हणजे त्रिज्या. टेबलावर त्रिज्या चुकली की दात ज्या कमानीतून येऊन मिटतात ती कमानच चुकते.

मोजायला बसलेला माणूस

बॉनविल यांनी जे केलं ते आज ऐकायला साधं वाटतं. ते मोजायला बसले. कवट्या मोजल्या, जिवंत माणसांचे जबडे मोजले, आणि पुढच्या आयुष्यभर मोजतच राहिले. हजारोंच्या संख्येत. कॉम्प्युटर नाही, एक्स-रे नाही. एक्स-रेचा शोधच १८९५ चा. हातात कंपास आणि पट्टी.

त्यातून त्यांना एक आकार सापडला. खालच्या जबड्याच्या दोन टोकांना जे गोळे असतात, त्यांच्यातलं अंतर साधारण चार इंच. आणि प्रत्येक गोळ्यापासून समोरच्या दोन मधल्या दातांच्या फटीपर्यंतचं अंतरही साधारण चार इंच. म्हणजे तिन्ही बाजू सारख्या. समभुज त्रिकोण! चार इंच म्हणजे आपल्या हिशोबात १०१.६ मिलिमीटर.

या त्रिकोणावर बेतून त्यांनी १८५८ मध्ये आपला आर्टिक्युलेटर बनवला. तारेची चौकट, मागे चार इंचांवर दोन सांधे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ते सांधे फिरता फिरता पुढेही सरकायचे. दोन्ही सरकले तर जबडा पुढे, एकच सरकला तर जबडा बाजूला. शरीररचनेच्या मापावरून बनवलेला आणि जबड्यासारखा सरकणारा आर्टिक्युलेटर म्हणून त्याचं नाव इतिहासात राहिलं. तेव्हा बॉनविल होते पंचविशीत. डेंटलची पदवी तर त्यांना त्यानंतर, १८६० च्या दशकात मिळाली. आधी मशीन आणि मग डिग्री! (आपल्याकडे उलटं असतं, आधी डिग्री आणि मग मशीन कधीच नाही.)

त्या सुमारास इकडे काय चाललं होतं याची कल्पना यावी म्हणून सांगतो. १८५७ चा उठाव नुकताच दडपला गेला होता, आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता, आणि भारतातलं पहिलं डेंटल कॉलेज निघायला अजून बासष्ट वर्षं होती. ते १९२० मध्ये डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला काढलं.

या यंत्रातून बॉनविल यांनी कवळीचा एक नियम मांडला. खाताना जबडा एका बाजूला गेला तरी दुसऱ्या बाजूचे दातही कुठेतरी टेकलेले असले पाहिजेत. पुढे गेला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे टेकले पाहिजेत. का? तर कवळी हिरडीवर नुसती बसलेली असते, खिळ्याने ठोकलेली नसते. तीन पायांचं स्टूल डुलत नाही, कारण तीन टेकू आहेत. एकाच टेकूवर वजन टाकलं तर ते कलंडणारच. खऱ्या दातांना मुळं असतात म्हणून त्यांचं चालून जातं, कवळीचं नाही. आबांच्या कवळीचं नेमकं हेच दुखणं होतं, आणि त्याचा विचार या माणसाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी करून ठेवला होता.

तारयंत्रातून निघालेली हातोडी

बॉनविल नुसते दाताचे डॉक्टर नव्हते, हाडाचे इंजिनिअर होते. त्यांची दुसरी गोष्ट तर आपल्या इलेक्ट्रिकलवाल्यांसाठीच आहे.

त्या काळी दातात सोनं भरत. सोन्याचा पातळ वर्ख थोडा थोडा दातात घालायचा आणि बारीक हातोडीने ठोकून ठोकून घट्ट करायचा. एका दाताला शेकड्याने ठोके. डॉक्टरने हत्यार धरायचं, मदतनीसाने हातोडी मारायची आणि पेशंटने देवाचं नाव घ्यायचं! १८६७ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात बॉनविल यांचं लक्ष तारयंत्राकडे गेलं. विद्युतचुंबक पट्टी खेचतो, सोडतो, खेचतो, सोडतो. टक् टक् टक्. तार करणाऱ्यांना त्यात अक्षरं ऐकू येत होती, बॉनविल यांना त्यात हातोडी दिसली.

मग काही वर्षं खपून त्यांनी बॅटरीवर चालणारी विद्युतचुंबकीय हातोडी बनवली. तत्त्व जुन्या इलेक्ट्रिक बेलचंच. चुंबकाने पट्टी ओढली की सर्किट तुटतं, तुटलं की पट्टी मागे येते, आली की सर्किट पुन्हा जुळतं. ठोके भराभर आणि सारख्या जोराचे. विजेचे दिवे घरोघरी यायच्या आधी वीज दाताच्या दवाखान्यात पोचली ती अशी. या कामासाठी फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने त्यांना इलियट क्रेसन पदक दिलं. पुढे हेच पदक निकोला टेस्ला आणि एक्स-रेवाले राँटजेन यांनाही मिळालं. आता सांगा, टेस्लाचं पोस्टर प्रत्येक तिसऱ्या रूममध्ये आहे, बॉनविल यांचं कुठेय?

१८७१ मध्ये ते डोव्हर सोडून फिलाडेल्फियाला आले. तिथे दात आणि हाड कोरायची फिरती इंजिनं, हँडपीस अशी त्यांची खटपट चालूच राहिली. शिवाय एक अजब कल्पनाही होती. पेशंटने थोडा वेळ जोरजोरात भराभर श्वास घेतला तर दुखणं कमी जाणवतं, आणि तेवढ्यात छोटं काम उरकून घेता येतं, असं ते सांगत. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि माणूस थोडा बधिर होतो, हे खरं आहे. पण ती पद्धत टिकली नाही आणि रूमवर करून बघायची तर मुळीच नाही, चक्कर येऊन पडाल.

त्रिकोण कुठे चुकला

आता चरित्रात नेहमी गाळतात तो भाग. बॉनविल चुकले होते. दोन ठिकाणी.

पहिली चूक उताराची. त्यांच्या यंत्रात सांधा पुढे सरकायचा तो सपाट. पण तुम्ही मघाशी बोटाने पाहिलंत, गोळा पुढे जाताना खालीही उतरतो. इंग्लंडमधल्या फ्रान्सिस बाल्कविल यांनी १८६६ मध्येच हे मांडलं होतं, पण तिकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हा उतार किती महत्त्वाचा आहे ते साध्या गणिताने बघा. समजा उतार ३० अंश आहे आणि गोळा त्यावरून ५ मिलिमीटर पुढे गेला. ५ गुणिले साइन ३०, म्हणजे २.५ मिलिमीटर तो खाली आला. टेबलावरच्या सपाट यंत्रात तो खाली येतो शून्य. म्हणजे यंत्रावर मागचे दात टेकलेले दिसतात, पण तोंडात गेल्यावर समोरच्या दातांनी तुकडा तोडायला जबडा पुढे केला की मागच्या दातांत फट पडते. समोर टेकलंय, मागे फट आहे, मग कवळी मागून उचकणार नाही तर काय! दोन-अडीच मिलिमीटर म्हणजे वर्कशॉपमध्ये जॉब रिजेक्ट व्हायला पुरे, हिरडीलाही पुरे.

दुसरी चूक जास्त खोल आहे. त्यांनी हजारो जबडे मोजले, त्यातून एक आकडा काढला, आणि तो आकडा म्हणजे जणू निसर्गाचा कायदाच आहे असं धरलं. दातांची रचना भूमिती, गणित आणि यंत्रशास्त्राच्या नियमांवर चालते हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. आग्रह बरोबर होता, पण चार इंच ही सरासरी होती, कायदा नव्हता. कुणाचा जबडा रुंद, कुणाचा अरुंद. एकाच माणसाच्या डाव्या आणि उजव्या सांध्याचा उतारसुद्धा सारखा असेलच असं नाही. सरासरी माणूस वहीत असतो. दवाखान्याच्या खुर्चीत बसतात ते आबा.

बॉनविल यांनी आपलं हे सगळं विवेचन १८९९ पर्यंत मांडणं चालू ठेवलं आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाला त्यांचं निधन झालं. गंमत बघा, साधारण त्याच वेळी बफेलो शहरातल्या जॉर्ज स्नो यांनी फेसबो पुढे आणला. आबांच्या डोक्याला लावलेली धनुष्यासारखी पट्टी ती हीच. तिचं काम एकच, या माणसाच्या सांध्यापासून याच्या दातांपर्यंतचं अंतर जसंच्या तसं उचलून यंत्रावर ठेवणं. चार इंच गृहीत धरायचे नाहीत, मोजायचे.

मग रांगच लागली. कोपनहेगनच्या ख्रिस्टेन्सेन यांनी १९०५ च्या सुमारास ती मागची फटच कामाला लावली. पेशंटला जबडा पुढे करून मऊ मेणावर चावायला सांगायचं. मेणात पाचरीसारखी जी जाडी उरते, तिच्यावरून यंत्राचा उतार लावायचा. जी गोष्ट कवळी उचकवत होती, तीच मोजमापाचं साधन झाली! लंडनच्या नॉर्मन बेनेट यांनी १९०८ मध्ये स्वतःच्याच जबड्याला छोटे दिवे बांधले, तोंड हलवलं आणि प्रकाशाचा ठिपका कसा फिरतो ते आखून घेतलं. बाजूने चावताना त्या बाजूचा गोळा नुसता फिरत नाही, किंचित बाहेरही सरकतो, हे त्यांनी दाखवलं. आजच्या मोशन कॅप्चरचा तो खापरपणजोबाच. झुरिकच्या गीसी यांनी उताराचे अंश बदलता येतील अशी यंत्रं केली.

आणि १९२० च्या दशकात आले रुडॉल्फ हानाऊ. हे दाताचे डॉक्टर नव्हतेच, इंजिनिअर होते! त्यांचा आर्टिक्युलेटर सुधारत सुधारत आजही डेंटल कॉलेजांत शिकवतात. पुढचा उतार मोजला की त्यावरून बाजूचा कोन काढायचं सूत्रही त्यांनी दिलं. पुढच्या उताराला आठने भागा, त्यात बारा मिळवा. इंजिनिअरच तो, फॉर्म्युला दिल्याशिवाय राहवेल कसं? मात्र त्या सूत्रावरही पुढे टीका झाली, कारण पुन्हा तेच, मोजण्याऐवजी गृहीत धरणं. पण हानाऊ यांनी एक गोष्ट फार मोलाची सांगितली. यंत्र कितीही अचूक करा, कवळी ज्या हिरडीवर बसते ती मऊ आहे, दबते, आणि ते दबणंही हिशोबात धरलं पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर पाया रिजिड नाही.

आज हे मोजमाप कॅमेरे, सेन्सर आणि सॉफ्टवेअरने करता येतं. पण आकृती उघडली की मागे दोन बिंदू आणि पुढे एक बिंदू दिसतोच. त्रिकोण बॉनविल यांचा. फक्त त्याच्या बाजू आता ज्याच्या त्याच्या मापाच्या.

मला काय मिळालं

मला या माणसाचं मोठेपण नेमकं इथे वाटतं. त्यांच्या आधी लोक अंदाजाने काम करत होते. अंदाज चुकला तर तो कुठे चुकला हेही कळत नाही. बॉनविल यांनी आकडा दिला. आकडा दिला म्हणून तर पुढच्यांना म्हणता आलं की इथे शून्य अंश धरलेत, खरे तीसच्या आसपास आहेत. इथे चार इंच धरलेत, या माणसाचे कमी आहेत. चुकीची का होईना पण मोजता येईल अशी गोष्ट त्यांनी टेबलावर ठेवली, आणि बाकीच्यांनी ती दुरुस्त करत नेली.

आणि आपण? आपण डेटा बुक उघडतो, टेबलमधली व्हॅल्यू उचलतो आणि उत्तराखाली दोन रेघा मारतो. ती व्हॅल्यू कुणीतरी कधीतरी मोजलेली सरासरी आहे, हे विसरतो. व्हायवाला विचारलं की ही किंमत का घेतली, तर उत्तर एकच, सर बुकात आहे. गेल्या सेमिस्टरला मीही हेच उत्तर दिलं होतं. डेटा बुक फेकून द्या असं मी म्हणत नाही, तिथून सुरुवात करायचीच असते. पण शेवट समोरच्या जॉबवर व्हायला पाहिजे. समोरचा जॉब कधीकधी कुणाचा तरी आजोबा असतो.

जाता जाता आणखी एक माप, हे बिनपैशाचं आहे. आपली मधली तीन बोटं उभी एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये जातात का बघा. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० ते ५० मिलिमीटर उघडतं, म्हणजे तीन बोटं सहज मावतात. गुटखा-सुपारी खाणाऱ्याचे गाल आतून कडक होत जातात आणि हे अंतर कमी होत जातं. तीनची दोन होतात, दोनाचं एक. तो रोग पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, तरी पुड्या कुठे कुठे सापडतात ते होस्टेलच्या जिन्याला विचारा. ज्याची तीन बोटं जात नाहीत त्याने उगाच हसण्यावारी नेऊ नये, गुपचूप दवाखाना गाठावा.

आबांचं सांगायचं राहिलं. नवी कवळी व्हायला पाच-सहा चकरा झाल्या. एस.टी.ने जायचं-यायचं, आबा वैतागले, आधीची तर एवढ्या चकरांशिवाय झाली होती म्हणाले. मेणावर चावायचा प्रकार तर त्यांना पोरखेळ वाटला. माप निघालं तेव्हा कळलं की त्यांचा डावा आणि उजवा उतार सारखा नाही. मी त्यांना परतीच्या गाडीत बॉनविल यांची सगळी गोष्ट सांगितली, त्रिकोणासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की त्या डॉक्टरच्या गावाला ज्वारी होत होती का.

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आजीने चुलीवर भाकऱ्या टाकल्या. आबा आमच्यासोबत पंगतीला बसले, भाकरीचा पापुद्रा काढला, मग कड तोडली, ती कडक कड, आणि समोरच्या दातांनी. घरात सगळे गप्प, सगळ्यांचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे. आबांनी घास खाल्ला, चटणी आणखी वाढायला सांगितली आणि आमच्याकडे बघून विचारलं की तुमचं जेवण का थांबलंय.

बंडीचा खिसा रिकामा होता.